बंदूक ‘बघायला’ दिली, म्हणजे दिलीच

प्रश्न बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागातल्या एका शेतकरी वाचकांचा आहे. वडिलांच्या पश्चात परवाना त्यांच्या नावावर झाला. घरात बारा बोअरची डबल बार बंदूक आहे. मुलगे पुण्याला असतात, रानडुकरांच्या मागे रात्रभर माळ्यावर बसायला आता कुणी नाही, म्हणून बंदूक विकायची आहे. गिऱ्हाईक चंदगड तालुक्यातलं, लांबच्या नात्यातलं, महाराष्ट्राचा परवाना असलेलं. ‘दोन बार काढून बघितल्याशिवाय घेणार नाही’ असं त्याचं म्हणणं. वाचकांनी विचारलंय, बंदूक त्याच्याकडे किती दिवस ठेवू द्यावी, काडतुसं कुणी घालायची, आणि पाहुण्याकडे अनामत मागणं बरं दिसतं का? मग पत्राच्या तळाशी, जाता जाता: ‘मागच्या महिन्यात चार दिवस नेऊन त्याने परत आणून दिली आहे. आता उजव्या नळीत खड्डा आहे म्हणतो, दर पाडून मागतो.’

सोबत शंभर रुपयांच्या स्टॅम्पवरच्या कराराचा मोबाइलवर काढलेला फोटो.

अशी पत्रं निपाणीकडूनही येतात, बेळगाव तालुक्यातूनही येतात. बंदूक कधी एक नळीची असते, कधी ठासणीची, पण प्रश्न तोच: चालवून कशी दाखवायची? बिगरपरवाना माणसाच्या हातात बंदूक द्यायची नाही वगैरे इथे सांगत बसत नाही. ज्यांच्या घरात दोन पिढ्या बंदूक आहे त्यांना ते पाठ असतं. जे पाठ नसतं ते सांगतो.

आर्म्स ॲक्ट १९५९ चा आहे. हस्तांतर कशाला म्हणायचं हे त्याने कलम २ मध्येच सांगून टाकलंय. भाड्याने देणं, उसनं देणं, नुसतं देणं आणि ताबा सोडणं, हे सगळं हस्तांतरात येतं. पैसे मिळाले की नाही, सौदा पक्का झाला की मोडला, याच्याशी त्या व्याख्येला कर्तव्य नाही. घेणाऱ्याच्या बाजूनेही तसंच आहे, उसनी घेतलेली बंदूक म्हणजे मिळवलेली बंदूक. म्हणजे ज्याला तुम्ही ट्रायल म्हणता, ते चार दिवस कायद्याच्या लेखी हस्तांतर झालेलं आहे. बंदूक परत आली, चांगलं झालं. पण परत आली म्हणून गेलीच नव्हती असं होत नाही.

आता कलम ५, पोटकलम २. स्वतःच्या वापरासाठी परवान्यावर बाळगलेली बंदूक विकायला व्यापाऱ्याचा परवाना लागत नाही, ही सवलत तिथे आहे. पण तिला एक परंतुक, म्हणजे अट, जोडलंय, आणि तुमचं सगळं प्रकरण त्या परंतुकावर उभं आहे. विकण्याचा किंवा हस्तांतराचा इरादा, घेणाऱ्याचं नाव आणि पत्ता हे जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्याला लेखी कळवायचं, आणि कळवल्यापासून किमान ४५ दिवस जाऊ द्यायचे. मगच बंदूक हलते. काडतुसांनाही हाच नियम, त्यामुळे ‘काडतुसं कुणी घालायची’ या प्रश्नाचंही उत्तर यातच आलं. तुमच्या पत्रात कळवल्याचा एक शब्द नाही. फोटोतल्या करारातही नाही.

करारात आहे ते वेगळंच. तिसऱ्या परिच्छेदात टायपिस्टने लिहिलंय, ‘सदर बंदूक आज रोजी लिहून घेणार यांचे प्रत्यक्ष ताब्यात दिली असून त्याबाबत आमची काही एक तक्रार नाही.’ हे वाक्य शेतजमिनीच्या साठेखतातून जसंच्या तसं उचललेलं आहे, कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडे ते तयारच असतं. खाली तुमची सही, त्याची सही, दोन साक्षीदार, तारीख. इसार घेताना कागद केला म्हणजे आपण सावध राहिलो असं तुम्हाला वाटलं असणार. पोलिसांना पंचनाम्यात जे शोधावं लागलं असतं ते तुम्ही स्वखर्चाने स्टॅम्पवर लिहून दिलंय. हा कागद करण्याआधी एखाद्या वकिलाला अर्धा तास विचारलं असतं तर हे उत्तर लिहायची वेळ आली नसती.

‘गाडी विकताना चक्कर मारायला देतोच की,’ असं तुम्ही लिहिलंय. गाडीच्या कायद्यात अशी व्याख्या नाही, विषय संपला. कलम ३ मध्ये मात्र एक छोटी खिडकी आहे. स्वतःचा परवाना नसलेला माणूसही परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर बंदूक नेऊ शकतो. पण कशासाठी? दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी, किंवा परवानाधारकाच्याच वापरासाठी. गिऱ्हाइकाने चालवून बघणं यात नाही. चिठ्ठी लिहून दिली असतीत तरी उपयोग नव्हता.

आणि बंदूक शिनोळीच्या पुढे, म्हणजे हद्द ओलांडून महाराष्ट्रात गेली. तुमचा परवाना कुठल्या हद्दीपुरता आहे ते त्याच्यावर लिहिलेलं असतं, तसंच त्याच्या परवान्यावरही. मी दोन्ही पाहिलेले नाहीत. हद्द जिल्ह्यापुरती असेल तर दुसऱ्या राज्यात ती बंदूक सापडणं ही आणखी एक डोकेदुखी, आणि मग दोन राज्यांची पोलीस ठाणी.

किती अंगावर येऊ शकतं? कलम ५ मोडून हस्तांतर केल्याबद्दल २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम २५ मध्ये किमान सात वर्षं आणि कमाल जन्मठेप आहे. घेणाऱ्यावर कलम ३ चा ठपका आला तर किमान दोन, कमाल पाच वर्षं. त्यात एक विचित्र तफावत आहे: कलम ३ च्या गुन्ह्यात खटल्याआधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांची मंजुरी लागते, कलम ५ च्या गुन्ह्यात ती ढाल नाही. म्हणजे पाहुणा थोडा आडोशाला आणि तुम्ही उघड्यावर. मात्र चार दिवस नात्यात दिलेल्या आणि परत आलेल्या बंदुकीसाठी शस्त्रांच्या व्यापाऱ्यासारखं कलम लावणं योग्य आहे का, यावर बचावाला बोलायला बरंच आहे. परवान्याची अट मोडली एवढाच, हलका गुन्हा ठरतो असंही मांडता येईल. कोर्ट काय धरेल हे आज छातीठोकपणे सांगणारा वकील भेटला तर त्याच्यापासून जरा लांबच राहा.

काय करायचं ते सांगतो. करार फाडू नका. मागची तारीख टाकून नवा कागद तर अजिबात करू नका. आजवर झाली ती हलगर्जी आहे, खोटा दस्त हा वेगळा गुन्हा होईल. बंदूक आता पाहुण्याकडे एक तासही जाता कामा नये. कागद घेऊन बेळगावात फौजदारी काम करणाऱ्या वकिलाला भेटा आणि त्यांच्याकडूनच कलम ५ ची सूचना लिहून घ्या. ‘विकण्याचा इरादा आहे’ एवढं खरं आहे, ते लिहा. ‘बंदूक आजवर कुणाकडे दिलेली नाही’ असलं वाक्य कुणी घालायला सांगितलं तर सही करू नका.

कायदा दंडाधिकारी ‘किंवा’ ठाणं म्हणतो, तुम्ही डीसी ऑफिस (जिल्हाधिकारी कार्यालय) आणि ठाणं दोन्हीकडे द्या. बेळगाव शहर आयुक्तालयाच्या हद्दीत राहणाऱ्यांसाठी दंडाधिकाऱ्यांच्या जागी पोलीस आयुक्त येतात, तुमचा तो प्रश्न नाही. पोच घ्या, शिक्का आणि तारखेसह. ४५ दिवस त्या तारखेपासून मोजले जातील. अर्ज कन्नडमध्ये करा, मराठी प्रत जोडा. मराठी अर्ज का घेत नाहीत यावर टेबलाशी हुज्जत घालायचा तुम्हाला हक्क आहे, पण ती हुज्जत घालून पोच न घेता घरी आलेले अशील मी पाहिलेत. सीमेचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे, तुमचा अर्ज त्या रांगेत लावू नका.

त्या दिवसांत पाहुण्याच्या परवान्याची प्रत मागवा. त्यावर बारा बोअरची नोंद आहे का, खरेदीची मुदत शिल्लक आहे का, आणि त्याच्याकडे आधीच दोन शस्त्रं नाहीत ना, हे बघा. २०१९ पासून सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच ठेवता येतात, जुनी तीनची सवय अजून लोकांच्या डोक्यात आहे. तुमच्या परवान्याची मुदत तुम्ही लिहिलेली नाही. संपली असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा, कारण कलम ५ ची सवलत कायदेशीर ताबा असलेल्यालाच आहे. अशा वेळी बंदूक कलम २१ खाली ठाण्यात किंवा परवानाधारक व्यापाऱ्याकडे विनाविलंब जमा करायची आणि पुढचं तिथून.

आता चालवून दाखवण्याचं. बंदूक पारखायला बार काढावाच लागतो हा गैरसमज आहे. तुमच्या ओसरीवर, तुमच्यासमोर, रिकामी बंदूक मोडून नळ्या उजेडाकडे धरल्या की खड्डा, गंज, फुगार दिसतो. बिजागरीत ढिलाई असेल तर हाताला लागते. नळीवरचा नंबर परवान्यावरच्या नंबराशी जुळवायचा, कारण खूण नसलेली बंदूक विकणं किंवा हस्तांतर करणं कलम ८ ने बंद आहे, आणि खूण नसलेली किंवा खोडलेली बंदूक ज्याच्या ताब्यात सापडते त्यानेच ती खोडली असं, उलट सिद्ध होईपर्यंत, धरलं जातं. एवढ्यावर समाधान नसेल तर सूचना दिल्यानंतर दोघांनी मिळून परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जा आणि त्याच्याकडून तपासून घ्या. पाहुणचार म्हणून चहा द्या, बंदूक नको.

तुम्ही शेजारी उभे आणि पाहुण्याने तुमच्याच शेतात एक बार काढला, तर तो ‘ताबा सोडणं’ होतं का? होत नाही असा युक्तिवाद मी कोर्टात करीन. तुमच्या खर्चाने तो करून बघावा असं मात्र मला वाटत नाही. त्यातही तुमचं गाव जांबोटी पट्ट्यात असेल तर विषयच संपला. तिथलं भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झालं. अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन शिरणं वन्यजीव कायद्याच्या कलम ३१ ने बंद आहे. आणि हद्दीपासून १० किलोमीटरच्या आतल्या परवानाधारकांनी वन्यजीव विभागाकडे नोंदणी करायची असते, ती तुमची झाली आहे का हेही तपासा. त्या भागात संध्याकाळी बार वाजला की वनरक्षक आधी शिकारीचा संशय घेतो, नळीची परीक्षा चालली होती हे तुम्हाला नंतर पटवून द्यावं लागतं.

उरला खड्डा आणि दर. खड्डा आधीचा की त्या चार दिवसांतला, हे सिद्ध करायला दावा लावायचा तर बंदूक कशी गेली होती हे तुम्हालाच शपथेवर सांगावं लागेल. म्हणून त्या भांडणात पडू नका. दर पाडायचा असेल तर पाडा, नाहीतर इसार चेकने परत करा आणि दुसरं गिऱ्हाईक बघा. नवीन नाव आलं की सूचना नवीन आणि ४५ दिवसही पुन्हा पहिल्यापासून. आणि घरात काडतुसं किती शिल्लक आहेत ती आजच मोजून नोंदीशी ताडून ठेवा. पाहुण्याने चार दिवसांत किती उडवली ते त्याला विचारा, वकील तुम्हाला हाच आकडा पहिला विचारतील.