ग्रीन बिल्डिंगमध्ये जायचंय, पण कुठल्या दारानं?

प्रश्न : माझी मुलगी अकरावीत आहे, विषय फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स. तिला पर्यावरणपूरक इमारती आणि सौरऊर्जा यांतच काम करायचंय. माझे यजमान इथेच बांधकामाचे ठेके घेतात. ते म्हणतात, ‘सिव्हिल कर, बाकी ग्रीनबीन सगळं ब्रोशरमध्ये छापायला असतं.’ दीर म्हणतात, सोलरचे दिवस आहेत, इलेक्ट्रिकल घे. एका खासगी संस्थेनं बारावीनंतर तीन वर्षांचा ‘सस्टेनेबल डिझाइन’ डिप्लोमा सुचवलाय. फी भरपूर आहे आणि ‘सीट बुक करा’ म्हणून रोज फोन येतो. मुलीला इंदूर सोडावं लागेल का, हीही काळजी आहे. – एक आई, सुदामा नगर, इंदूर

ताई, सप्रेम नमस्कार.

आधी त्या रोजच्या फोनचं बघू. सीट बुक करू नका. १९७२च्या आर्किटेक्ट्स अ‍ॅक्टप्रमाणे काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असल्याशिवाय स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही, आणि त्या नोंदणीला पाच वर्षांचं मान्यताप्राप्त बी.आर्क. लागतं. तो डिप्लोमा बी.आर्क. नाही आणि इंजिनीअरिंगची पदवीही नाही. तीन वर्षं आणि एवढे पैसे घालून मुलगी पुन्हा दारातच उभी राहील. ‘ग्रीन’ हे नंतर चढवायचं शिक्षण आहे. आधी मूळ विद्या हवी, आणि ती कोणती हाच खरा प्रश्न आहे.

तुमच्या यजमानांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. पश्चिमेला नखशिखांत काच लावायची, लॉबीत चार कुंड्या ठेवायच्या आणि ‘ग्रीन’ म्हणायचं, असल्या इमारती त्यांनी पाहिल्या असणारच. पण आता त्यात कायदा आणि हिशेब आलाय. ऊर्जा संवर्धन कायदा २००१चा. व्यावसायिक इमारतींसाठीची ऊर्जा संहिता २००७मध्ये आली, २०१७मध्ये ती सुधारली. घरांसाठी २०१८मध्ये ‘इको-निवास संहिता’ आली. २०२२च्या दुरुस्तीनं मोठ्या निवासी इमारतीही कायद्याच्या कक्षेत आणण्याची वाट मोकळी केली. इको-निवास संहितेत थंड प्रदेश सोडून बाकी हवामानांसाठी एक मर्यादा आहे: भिंती आणि खिडक्यांतून घरात येणारी उष्णता दर चौरस मीटरमागे सरासरी १५ वॅटपेक्षा जास्त नसावी. हा आकडा ब्रोशर छापून येत नाही. विटा कोणत्या, काच कोणती, खिडकी कुठल्या दिशेला, हे मांडून तो काढावा लागतो आणि काढणारा माणूस लागतो.

तो माणूस नेमकं काय करतो, ते तुमच्याच गावाच्या उन्हावर दाखवतो. इंदूर साधारण २२.७ अक्षांशावर आहे. २१ जूनला भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, दक्षिणेच्या भिंतीवर ऊन पडतच नाही. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनी तो क्षितिजापासून ६७ अंशांवर येतो. दक्षिणेच्या खिडकीवर दीड फुटाचा छज्जा काढलात तर त्याची सावली तेव्हा साडेतीन फूट खाली उतरते. म्हणजे साडेतीन फुटी खिडकी दुपारी पूर्ण झाकली. डिसेंबरच्या अखेरीस तोच सूर्य ४४ अंशांवर असतो, सावली जेमतेम दीड फूट पडते आणि उरलेल्या दोन फुटांतून थंडीचं हवंहवंसं ऊन आत येतं. एक छज्जा, दोन्ही ऋतूंची सोय. आता हीच खिडकी पश्चिमेला न्या. मे महिन्यात संध्याकाळी पाचचं ऊन इतकं तिरपं असतं की तीन फुटी छज्जाही कामाचा नाही. तिथे उभ्या पट्ट्या, जाळी किंवा झाड हवं, नाहीतर खिडकीच लहान हवी.

यात खर्च कुठेच नाही. खिडकी कागदावर असताना ती हलवायला खोडरबर पुरतं. सिव्हिल इंजिनीअरच्या हाती नकाशा येतो तोवर खिडकीची जागा बहुधा ठरलेली असते. एसीवाला त्यानंतर येतो, आणि सोलरवाला सगळ्यात शेवटी, गच्चीवर जी जागा उरली असेल तिथे. मुलीला यातल्या कुठल्या टप्प्यावर निर्णय घ्यायला आवडेल, त्यावर शाखा ठरवा.

दिरांचा मुद्दाही हवेतला नाही. रीव्याचा ७५० मेगावॅटचा सौर प्रकल्प आपल्याच राज्यातला, आणि दिल्ली मेट्रोला तिथून वीज जाते. ओंकारेश्वरला धरणाच्या पाण्यावर तरंगतं सोलर आलंय. तुमच्या नळाचं नर्मदेचं पाणी जलूदहून, सत्तरएक किलोमीटरवरून, विंध्याचा चढ चढवत पंपानं आणावं लागतं. त्या पंपांच्या विजेसाठी जलूदला ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारायचा म्हणून इंदूर नगर निगमनं २०२३मध्ये २४४ कोटींचे ग्रीन बाँड, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे, काढले. इंदुरात पाणी वाया घालवलं की वीजही वाया जाते, हे नळ आणि टाक्या ठरवणाऱ्या डिझायनरच्या डोक्यात पक्कं असायला हवं. देवगुराडियाला रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा प्लँट २०२२मध्ये सुरू झाला, तिथे केमिकल आणि मेकॅनिकलवाल्यांचं काम. मात्र घरांच्या गच्चीवर पॅनेल बसवणं हा आता मुख्यतः विक्रीचा आणि वायरिंगचा धंदा आहे. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपयांची सबसिडी मिळते, त्यामुळे तो तेजीत आहे. धंदा चांगलाच आहे, पण त्यासाठी चार वर्षं इंजिनीअरिंग करायची गरज नाही.

मला नवल वाटलं ते हे, की घरात कुणीच मेकॅनिकलचं नाव काढलं नाही. हॉस्पिटल, मॉल, मोठी ऑफिसं यांच्या वीजबिलात एसीचा वाटा मोठा असतो. इमारत बांधण्याआधीच कॉम्प्युटरवर तिचं वर्षभराचं वीजबिल मांडून पाहणाऱ्यांत आर्किटेक्टांबरोबर मेकॅनिकलवालेही बरेच भेटतात. त्यासाठीचं ‘एनर्जीप्लस’ हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. पुढे ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीची चार पेपरांची एनर्जी ऑडिटरची, म्हणजे ऊर्जा कुठे वाया जाते ते तपासणाऱ्याची, परीक्षाही देता येते. तिला पदवी आणि कामाचा अनुभव लागतो.

इंदूर सोडण्याचं म्हणाल, तर इंजिनीअरिंगसाठी मुळीच गरज नाही. गोविंदराम सेकसरिया घरचंच कॉलेज. पदवीनंतर देवी अहिल्या विश्वविद्यालयाच्या ऊर्जा आणि पर्यावरण विभागात एनर्जी मॅनेजमेंटचं एम.टेक. आहे. बी.आर्क.साठी मात्र मी भोपाळ सुचवेन. तिथे स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर आहे आणि मॅनिट, म्हणजे तिथलं एनआयटीही. ग्वाल्हेरचं माधव इन्स्टिट्यूटही बघा. इंदुरातल्या खासगी कॉलेजांत नाटा परीक्षेवर प्रवेश होतो, पण फी भरण्याआधी कॉलेजचं नाव काउन्सिलच्या यादीत आहे ना, ते बघून घ्या. आणखी एक स्पष्ट सांगतो. आर्किटेक्टच्या ऑफिसातला सुरुवातीचा पगार ऐकून तुमच्या यजमानांना हसू येईल, त्यांच्या सेंटरिंगवाल्या मिस्त्रीला त्याहून जास्त मिळत असतील. पहिली काही वर्षं घरून आधार लागतो. तुमच्याकडे तो आहे, म्हणून हा रस्ता तिला मोकळा आहे.

आता एक काम मुलीला आणि एक तिच्या वडिलांना.

मुलीनं मे महिन्यात दोन साधे थर्मामीटर घ्यावेत. एक गच्चीखालच्या खोलीत, एक तळमजल्यावर. पहाटे सहा, दुपारी तीन आणि रात्री दहाचे आकडे वहीत लिहावेत. शब-ए-मालवाचं, म्हणजे माळव्यातल्या गार रात्रीचं, एवढं कौतुक, बाहेर रात्री वारा सुटतो, आणि वरची खोली तरी तापलेली, कारण दिवसभर तापलेला स्लॅब उष्णता रात्री आत सोडत बसतो. पंधरवड्यानं गच्चीला दोन हात चुना मारून पुन्हा पंधरवडाभर आकडे घ्यावेत. त्या आकड्यांत ती रमली, आलेख काढायला लागली, तर मेकॅनिकल. आकडे बाजूला ठेवून ‘ही खिडकी इथे नको होती’ म्हणत चित्रं काढायला लागली, तर आर्किटेक्चर. आठवड्यात कंटाळली तर तेही दोन थर्मामीटरांच्या किमतीत कळलं.

वडिलांनी तिला दोन जागा दाखवाव्यात. एक अरण्य वसाहत, आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींनी आखलेली. १९९५चं आगाखान पारितोषिक तिला मिळालंय. दुसरी केंद्र सरकारच्या लाइट हाउस प्रकल्पाची १,०२४ घरं, कारखान्यात तयार झालेल्या सँडविच पॅनेलांची, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये हलकं भरण असलेल्या तयार भिंतींची. २०२१च्या १ जानेवारीला त्यांची पायाभरणी झाली. दर काय पडला, पॅनेलचे सांधे पावसात टिकतात का, रहिवाशांनी नंतर काय बदललं, हे ठेकेदाराइतकं नेमकं कुणी विचारणार नाही. सिव्हिलच घ्यायचं ठरलं, तर त्यांच्या साइटवर मिळणारा असा अनुभव कुठल्याही कॉलेजात मिळायचा नाही. पण तो आग्रह या दोन फेऱ्यांनंतर धरावा, आधी नको.

जेईई मेनचा फॉर्म ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास निघतो. बारावीत गेल्यावर तो भरताना इंजिनीअरिंगच्या पेपरबरोबर आर्किटेक्चरचाही, म्हणजे पेपर दोन-एही, निवडायला सांगा. त्यात ड्रॉइंग कागदावर काढायचं असतं, आणि बहुतेक क्लासवाले त्याचं नावही काढत नाहीत.