वाचक विचारतात : वहीत न आलेली ओळ

प्रश्न : मी भोकरदन तालुक्यातल्या एका खेड्यात अंगणवाडी सेविका आहे. गेल्या उपवासकाळापासून (ईस्टरआधीचे चाळीस दिवस) रोज रात्री दिवसभराची पापं वहीत लिहिते. पोरांवर चिडणं, प्रार्थनेत मन न लागणं, मालिका बघत बसणं, नको ते विचार. एक वही भरली, दुसरी आणली, तरी मन शुद्ध झाल्यासारखं वाटत नाही. प्रभुभोजनात, म्हणजे येशूच्या आठवणीत चर्चमध्ये भाकर वाटून घेतात तेव्हा, ती अयोग्य प्रकारे खाणारा दोषी ठरतो असं बायबलमधल्या पत्रात प्रेषित पौल म्हणतो, म्हणून सात महिने प्रभुभोजन घेतलेलं नाही. भाकरीची थाळी आली की पुढे सरकवते. पूर्वी सतरंजीवर माझ्या शेजारी जाऊ बसायची, आता ती खांबापलीकडे बसते. आमचं बोलणं बंद आहे, पण तो घरगुती विषय. मी प्रभूच्या मेजाशी कधी येऊ?
– एक भगिनी

उत्तर : ताई, तुमचं पत्र तीनदा वाचलं. वहीतल्या पापांवर तुम्ही दीड पान लिहिलंय आणि जावेवर दोन ओळी. मी त्या दोन ओळींपासून सुरुवात करतो.

त्याआधी पौलाचं. ज्या वाक्यानं तुम्हाला थाळी पुढे सरकवायला लावली ते करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात आहे. तिथं काय चाललं होतं ते चार ओळी वर जाऊन वाचा. मंडळी जेवायला जमायची, ज्यांच्या घरी भरपूर होतं ते आधीच खाऊन-पिऊन तर्र व्हायचे आणि गरीब माणूस उपाशी बसायचा. हे पौलाला खपलं नाही. ‘अयोग्य प्रकारे’ म्हणजे असं, शेजारच्याकडे पाठ करून जेवणं. प्रार्थनेत मन भरकटणं तिथं कुठं आलेलं नाही. आणि परीक्षा करावी म्हटल्यावर लगेच पुढे ‘मग भाकर खावी’ असं आहे. परीक्षा करून घरी बसावं असं नाही. अध्याय संपत येतो तो ‘एकमेकांची वाट पाहा’ या सांगण्यावर.

आता शुद्धतेचं. ‘अंतःकरणाचे शुद्ध ते धन्य’ हे वचन आपण वाचतो तेव्हा ‘शुद्ध’ या शब्दामागून सोवळं हळूच आत येतं. आधी स्वच्छ व्हायचं, मग देवाच्या वस्तूला हात लावायचा. तुम्ही सात महिने मनाचं सोवळंच पाळताय. मार्काच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातला कुष्ठरोगी आठवा. येशूनं त्याला हात लावला तेव्हा तो शुद्ध झालेला नव्हता. स्पर्श आधी, शुद्धी नंतर. सोवळ्याची झळ ज्यांच्या आज्यांनी सोसली, त्यांना तरी हा क्रम वेगळा समजवावा लागू नये.

वही वाईट नाही. कॅथलिक संत इग्नेशियस लोयोला यांनी तर रोजच्या चुकांसाठी रेघा आखून त्यावर ठिपके मांडायची पद्धत घालून दिली. पण १५२२ साली स्पेनमधल्या मान्रेसा गावी राहत असताना हेच गृहस्थ जुनी पापं पुन्हा पुन्हा कबूल करून इतके हैराण झाले की जीव द्यावासा वाटू लागला. शेवटी त्यांनी ठरवलं, मागचं उकरून कबूल करणं बंद. पुढे त्यांनी जी रोजची झडती शिकवली तिची पहिली पायरी पाप नाही, मिळालेल्या देणग्यांबद्दल आभार ही आहे. तुमच्या वहीत आभाराची ओळ आहे का हो?

माझंही सांगतो, कारण उपदेश करणाऱ्यानं आपली झाकली मूठ उघडावी. मी पाळक होतो तेव्हा दर शुभ शुक्रवारी (गुड फ्रायडेला) वेदीपुढे गुडघे टेकून ‘लोभ, गर्व, कोमटपणा’ यांची कबुली द्यायचो. मोठमोठे शब्द. अशा शब्दांना काही खर्च येत नाही. त्याच वर्षांत गावाकडे आमची दोघा भावांची सामायिक विहीर होती, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. ही विहीर आजोबांनी खोदली, कारण गावच्या विहिरीला त्यांना हात लावू देत नव्हते. तर अशा विहिरीवर, रात्रीची लाईट आली की मी माझी पाळी संपल्यावरही दोन-दोन तास मोटार चालू ठेवायचो. एका उन्हाळ्यात भावाच्या मोसंबीची फळगळ झाली. मी त्याचं सांत्वन केलं, त्याच्यासाठी प्रार्थनाही केली.

माझ्या कबुलीत ‘मोटार’ हा शब्द कधी आला नाही. माणूस स्वतःची झडती घेतो तेव्हा कोणता कप्पा उघडायचा नाही हे त्याला आधीच माहीत असतं. म्हणून बायबलमधल्या १३९ व्या स्तोत्राचा कर्ता ‘मी माझी झडती घेतो’ म्हणत नाही, ‘देवा, तू घे’ म्हणतो.

तुमच्यात आणि जावेत चूक कुणाची, मला ठाऊक नाही. विचारतही नाही. ती बोलेलच असंही नाही. पौलानं रोमकरांना ‘तुमच्याकडून होईल तितकं’ एवढंच सांगितलंय. पण मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू म्हणतो, अर्पण वेदीपुढेच राहू दे, आधी जा, समेट कर, मग येऊन अर्पण कर. अर्पण घरी परत न्यायला सांगितलेलं नाही. वेदीपुढे ठेवलेली वस्तू सात महिने तशीच राहत नाही, म्हणजे जाऊन यायला फार वेळ लागेल असं येशूलाही वाटत नसावं. तुमच्या दोघींच्या घरांमध्ये अंतर किती ते तुम्हीच जाणता.

नको त्या विचारांचं म्हणाल तर येतात, जातात. त्यांच्या नोंदी ठेवू नका, नोंद ठेवली की ते मुक्कामाला राहतात.

पुढच्या प्रभुभोजनाच्या आदल्या संध्याकाळी जा. रिकाम्या हातानं दार वाजवणं जड जातं, काहीतरी न्या. मी भावाकडे अर्धा किलो जिलबी नेली होती. मोटारीचं सांगितलं तेव्हा तो ओसरीवर बाजेवर पडला होता. उठलाही नाही. म्हणाला, “ठाऊक होतं रे. रात्री मोटारीचा आवाज लांबपर्यंत येतो.” मग पुडी सोडली आणि पहिली जिलबी मला दिली.