आधी नोंद, मग बाकीचं

चि. पोरीस, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. दोन पानं बाबांच्या जुनी घड्याळं आणि नाणी जमवण्याच्या नादावर, आणि शेवटी समासात बारीक अक्षरात एक ओळ: ‘बाबा अजून दाराकडे तोंड करूनच झोपतात, झोपतात म्हणजे नुसते पडून असतात.’ खरं पत्र त्या एका ओळीत आहे. दोन पानं मी भराभर वाचली, ती ओळ परत परत.

तू विचारतेस, ‘काका, या नादाला गुंतवणूक म्हणायचं की वेड? मी थांबवू का त्यांना?’ थांबवायचं नाही. पैशाचं नंतर बोलतो. आधी एक वही आण. साधी, शंभर पानी. तारीख घालून त्यात लिहायला लाग. काय लिहायचं ते सांगतो, पण आणायची आजच.

तुझी तक्रार अशी की बाबा माझं ऐकत नाहीत, तुमचं मात्र ऐकतात. अगं, त्यांना माझं ऐकू येतं, तुझं येत नाही. फौजेत तोफांवर काम केलेला माणूस आहे तो. तोफेच्या आवाजानं कान जातो तेव्हा तो सगळा एकदम जात नाही. आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात, 4000 हर्ट्झच्या आसपासचे. बायकांची, लहान मुलांची बोलणी तुटक होतात, ‘स’, ‘श’, ‘फ’ गळून पडतात. माझ्यासारख्याचा घोगरा आवाज बराच काळ टिकतो. त्यात तू बोलतेस भरभर, आणि निम्मं स्वयंपाकघरातून. मग ते अंदाजानं मान हलवतात, भलतंच उत्तर देतात, आणि घरात ठरतं की माणूस हेकट झाला. हेकट ते पहिल्यापासून आहेत, ते मी नाकारत नाही. पण प्रत्येक वेळी हेकटपणाच असतो असं नाही.

मागे तुमच्याकडे आलो होतो तेव्हा त्यांनी नवीन मिळालेलं एचएमटी जनता दाखवलं. किल्ली दिली. तू किंवा मी असतो तर घड्याळ कानाला लावलं असतं. त्यांनी चाकूच्या टोकानं मागचं झाकण उचकटलं, डोळ्याला भिंग लावलं आणि आतलं बॅलन्स चाक फिरतंय का ते बघितलं. ते घड्याळ सेकंदाला पाच वेळा टिकटिकतं, त्यातलं एकही त्यांच्यापर्यंत पोचत नाही. कारगिलच्या त्या उन्हाळ्यात 155 मिलिमीटरच्या बोफोर्स तोफेशेजारी त्यांनी कानात कापूस कोंबून काम केलं आहे. वर कानात रात्रंदिवस शीळ वाजते ती वेगळीच. ‘घरात बोलू नका’ म्हणाले होते. मी बोलतोय. रागावले तर माझ्यावर रागावू देत.

तर पहिली नोंद ही. कुठला आवाज ऐकू आला, कुठला नाही. रात्री किती वाजता उठले. गणपतीत गल्लीत डीजे लागला तेव्हा कुठे जाऊन बसले. दिवाळीत सुतळी बॉम्ब फुटला की हात थरथरतात का, थरथरले तर किती वेळ. घड्याळ उघडून बसले की दोन तास शांत असतात असं तू लिहिलंयस, तेही वहीत घाल. ‘बाबा विचित्र वागतात’ ही नोंद नव्हे, ते मत झालं. मतं खोडून काढता येतात. तारीख, वेळ आणि घडलं ते.

तुला वाटेल, मिलिटरीत इतकी वर्षं मेडिकल होत होतं, मग हे कुणाला कसं दिसलं नाही? दिसायला ते सांगावं लागतं. फौजेत माणसाची तब्येत पाच इंग्रजी अक्षरांत मांडतात, शेप: मन, कान, हातपाय, शरीर, डोळे. सगळीकडे एकचा आकडा असला की गडी ‘शेप वन’. एकाचा दोन झाला की कॅटेगरी लागली, म्हणजे गडी पूर्ण धडधाकट नाही असा शिक्का बसला, आणि कॅटेगरी लागली की प्रमोशनपासून पोस्टिंगपर्यंत सगळ्यावर सावट. म्हणून पोरं निभावून न्यायची. कानाची तपासणी म्हणजे बहुतेक वेळा पाठमोरं उभं करून सहा मीटरवरून कुजबुजायचं. आधी आत जाऊन आलेला गडी बाहेरच्याला हळूच सांगायचा, आज काय विचारतायत ते. झालं.

मी क्लार्क. निवृत्तीच्या वेळचे मेडिकल फॉर्म माझ्या टेबलावरून जायचे. सेवेत काही आजार, दुखापत? ‘नाही.’ खाली सही. कितीजणांना म्हणायचो, अरे लिही, कान वाजतो ते लिही, पाठ धरते ते लिही, झोप लागत नाही ते तर सगळ्यांत आधी लिही. हसायचे. काहींना मी म्हणालोही नाही. ट्रंक बांधून तयार असलेल्या माणसाला ‘मेडिकल बोर्डासाठी आणखी महिनाभर थांब’ म्हणणं कागदावर सोपं असतं, तोंडावर नसतं. आणि माझ्या स्वतःच्या पाठीचं मी तरी कुठे लिहिलं? नायब सुभेदारीची यादी लागायची होती. आज तीच वेळ आली तरी तेच करीन, कारण तो हिशोब मी जाणून केला होता. तुझ्या वडिलांसमोर तो हिशोब कुणी मांडलाच नाही. त्यांना वाटलं, जखम दिसत नाही म्हणजे जखम नाही.

आपल्या सातारा जिल्ह्यात हे कळायला हवं होतं, म्हणून जास्त राग येतो. अपशिंग्याला जा. पहिल्या महायुद्धात पडलेल्या 46 जणांचं स्मारक गावात आहे, घराघरात फौजी आहे. गेलेल्यांची नोंद दगडात झाली. त्याच लढाईतून बहिरे होऊन, झोप हरवून जे परत आले, ते किती होते? त्यांचा हिशोब कुठल्याच दगडावर नाही. त्यांच्या घरातल्या पोरींनीही ‘म्हातारा ऐकत नाही’ असंच म्हटलं असणार.

आता पुढचं. साताऱ्याच्या ईसीएचएस पॉलिक्लिनिकमधून, म्हणजे माजी सैनिकांच्या दवाखान्यातून, ऑडिओमेट्रीसाठी, म्हणजे यंत्रावरच्या कानाच्या तपासणीसाठी, रेफरल घे. आलेख हातात आला की त्याच्या दोन झेरॉक्स काढ. श्रवणयंत्र तिथूनच मिळतं. बाबा ‘मला नको’ म्हणतील, तेव्हा वाद घालू नकोस, मला फोन लाव. डॉक्टरांसमोर त्यांच्या वतीनं उत्तरं देऊ नकोस, वही पुढे कर. झोपेचं आणि दचकण्याचं मनाच्या डॉक्टरांना सांगायचं. ‘वेडा ठरवता का मला’ हे वाक्य येईलच, ते ऐकून घ्यायचं आणि तारीख घ्यायची. तुलाच कधी रात्री सुचेनासं झालं तर 14416, टेलिमानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, फुकट आहे, मराठीत बोलतात.

पेन्शनचं विचारलं नाहीस, तरी सांगतो. सेवेमुळे आलेलं किंवा सेवेत वाढलेलं अपंगत्व 20 टक्के किंवा त्याहून जास्त ठरलं तर पेन्शनमध्ये वेगळा भाग मिळतो, आणि 50 च्या आतलं ते 50 धरतात. 2013 मध्ये धरमवीर सिंग यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं की भरतीच्या वेळी कागदावर आजार नसेल तर जवान धडधाकट आला असंच धरायचं; पुढे बिघडला तर तो नोकरीमुळे नाही हे दाखवायचं काम सरकारचं. सप्टेंबर 2023 पासून नियम नवे आहेत, पण तुझे वडील त्याआधी निवृत्त होऊन आले, त्यांना जुने लागतात. उशिरा उघड झालेल्या आजारालाही नियमांत जागा आहे, तिला मुदत आहे, म्हणून घाई. मिळेलच असं मी म्हणत नाही. ‘नाही’ लिहून सही केलेला माणूस आहे तो. पण जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाताना, नाहीतर उद्या फौजींच्या दाव्यांसाठीच्या मुंबईच्या ट्रायब्युनलपुढे उभं राहताना, हातात काय असणार आहे तुझ्या? आठवणी? डिस्चार्ज बुक, ऑडिओमेट्री आणि ती वही. म्हणून म्हणतो, नोंद कर.

आता तुझी दोन पानं.

घड्याळं आणि नाणी ही गुंतवणूक नाही. मी आयुष्यभर नाणी जमवली, तुझ्या काकूनं आयुष्यभर त्यावरून बोलणी सुनावली, तरी मी कधी तिला ‘हे दामदुप्पट होईल’ असं सांगितलं नाही. हौस आहे म्हटलं, आणि हौसेला पैसे लागतात. ज्याला गुंतवणूक म्हणायचं आहे त्यानं वहीचं दुसरं टोक उघडावं: वस्तू, कुठून घेतली, किती दिले, वजन किती, त्या दिवशी विकायला काढली असती तर दुकानदारानं किती दिले असते. हा शेवटचा रकाना भरला की निम्मी भुतं उतरतात. घेताना हजाराला पडलेली वस्तू त्याच दुकानात परत टेकवून बघ.

वडिलांच्या डब्यातल्या शिवराया मी पाहिल्या. बहुतेक दुदांडी, म्हणजे अक्षरांमध्ये दोन रेघा असलेल्या, आहेत. महाराजांच्या नावाची तांब्याची ही नाणी त्यांच्यानंतरही पिढ्यान्‌पिढ्या पाडली जात होती, म्हणून त्या भरपूर सापडतात. प्रेमानं ठेवाव्यात, लाखांची स्वप्नं बघू नयेत. आणि त्यांना सांग, चिंच लावून घासणं बंद. चकचकीत केलेलं जुनं नाणं जाणकार हातात धरत नाही, शंभर वर्षांची जमलेली छटा त्यांनी दहा मिनिटांत धुऊन टाकली. ब्रिटिश रुपये जास्त उपयोगाचे: 1940 च्या आधीच्या रुपयात चांदी सुमारे 92 टक्के, वजन 11.66 ग्रॅम, त्यामुळे निदान चांदीचा भाव तरी हातात राहतो. 1940 पासून चांदी निम्म्यावर आली, 1947 ला निकेल. पंचम जॉर्जचा 1911 चा रुपया असेल तर नीट बघ, राजाच्या अंगावरच्या हारातला हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून लोक बिथरले आणि सरकारनं ते नाणं मागे घेतलं. असलं काही सापडलं की मलाही रात्री झोप येत नाही, पण ती न झोपण्याची तऱ्हा वेगळी. 1939 चा रुपया कुणी आणला तर खोटाच धरून चाल. दुर्मिळ आहे म्हणूनच त्याच्या नकला जास्त.

घड्याळांत हाच प्रकार. बंगळूरचा एचएमटीचा कारखाना 1961 चा, सरकारनं कंपनी बंद करायचं ठरवलं ते 2016 ला, आणि तेव्हापासून हौशी लोकांची झुंबड. बाजारात फिरणाऱ्या रंगीबेरंगी डायली नंतर छापलेल्या असतात, आत कुठलंही मशीन. वडिलांना यातलं कळतं, नजर पक्की आहे त्यांची. फसतात ते फोनवर, कारण समोरचा काय बोलला ते धड ऐकू येत नाही आणि लाजेनं ‘हो’ म्हणतात. वैष्णोदेवीच्या नाण्याला लाखो देतो, आधी कमिशन भरा, असले फोन येतात. रिझर्व्ह बँकेनं 2021 मध्येच बजावलंय की आमच्या नावानं असं कुणी मागितलं तर देऊ नका. तू लिहिलेले ते साडेचार हजार तसेच गेले असणार. त्याचीही नोंद कर, तारीख आणि नंबरासकट, आणि पोलिसांत दे.

ग्रॅच्युइटीतलं जे उरलंय ते बँकेतच राहू दे. पन्नाशी झाली की निवृत्त फौजीला सीनियर सिटिझन बचत योजनेत पैसे ठेवता येतात, साठीची वाट बघावी लागत नाही. महिन्याच्या पेन्शनमधून हौसेला किती, हा आकडा त्यांनी ठरवायचा, तू नाही. वहीत मात्र तू लिहायचास.

राहिला तो माणूस, जो सगळा डबा घेऊन बदल्यात ‘शिवकालीन सोन्याचा होन’ देतो म्हणतोय. खरे होन जगात बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यातला एक रहिमतपूरच्या बाजूला मोटारसायकलवर फिरतोय? शनिवारी येणार म्हणतेस ना, येऊ दे. मी दहा वाजेपर्यंत वजनकाटा घेऊन पोचतो. तोवर डब्यातल्या प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेव.

तुझा,
काका