गाडी घरची, माणसं घरची. पण आरसी (गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र) काय सांगते?

प्रश्न: मी १३ आसनी जुनी ट्रॅव्हलर घेतली. २०१६ ची, पिवळ्या पाटीची. गाडी नावावर झाली, पण धंदा करायचा नसल्यानं परमिट आणि फिटनेस (गाडी चालवण्यायोग्य असल्याचा दाखला) पुढं वाढवलं नाही. गॅरेजवाल्याकडून मागच्या सात सीट काढून दोन बेड, ओटा, शेगडी, टपावर २०० लिटरची टाकी आणि इन्व्हर्टर बसवून घेतला. त्यानंच पाटीही पांढरी करून दिली. दिवाळीनंतर आमच्या भावकीतली सव्वाशे माणसं राधानगरीला लक्ष्मी तलावाकाठी एका पाहुण्यांच्या रानात दोन दिवस जमणार आहेत. माणशी बाराशे रुपये वर्गणी ठरलीय. गेल्या आठवड्यात आरटीओच्या वायुवेग पथकानं, म्हणजे फिरत्या तपासणी पथकानं, अडवून चलन केलं. गाडी घरची, माणसं घरची, भाडं घेत नाही. चलन भरून गाडी घेऊन जाऊ का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: चलन भरा, पण गाडी नेऊ नका. चलन भरल्यानं त्या दिवसाचा गुन्हा मिटतो, गाडीतला दोष तसाच राहतो. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या नाक्यावर तेच चलन पुन्हा होऊ शकतं.

‘भाडं घेत नाही’ हा बचाव इथं चालत नाही. तुमच्या आरसीवर ती गाडी अजून परिवहन वाहन, म्हणजे धंद्याची गाडी, आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ नुसार असं वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवायला परमिट लागतं, मग त्यात प्रवासी असोत वा नसोत. परमिट नसेल तर कलम १९२अ लागतं: पहिल्या वेळी १०,००० रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. फिटनेस संपलेलं परिवहन वाहन तर कलम ५६ प्रमाणं वैध नोंदणी नसलेलंच धरलं जातं. परमिट सोडणं आणि गाडी खासगी करून घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही पहिलीही रीतसर केलेली नाही, नुसती मुदत संपू दिलीत.

फेरबदलाचं कलम ५२. उत्पादकानं दिलेला आणि आरसीवर नोंदलेला तपशील परवानगीशिवाय बदलता येत नाही. आरटीओनं नोंदलेला तपशील म्हणतो १३ प्रवासी, आणि आत निम्म्या सीट नाहीत. कलम १८२अ(४) मध्ये दंड प्रत्येक फेरबदलाला ५,००० रुपये आहे, शिवाय सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद. म्हणून चलन उघडून आधी किती फेरबदल मोजलेत आणि कोणती कलमं लावलीत ते पाहा. विमा चालू असताना ‘विमा नाही’ असं चुकून पडलं असेल, तर पैसे भरण्यापूर्वी तेवढ्या नोंदीवर हरकत घ्या.

पांढरी पाटी आजच काढा. बाकीच्या गोष्टी अज्ञानात खपतील, ही खपणार नाही. परिवहन वाहनाला पांढरी पाटी म्हणजे कर आणि परमिट चुकवायचा हेतू होता, असा अर्थ काढायला जागा मिळते. महाराष्ट्रात १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांना उच्च सुरक्षा पाटी सक्तीची आहे आणि ती आरसीवरच्या प्रकाराप्रमाणं मिळते. आरसी बदलल्याशिवाय पांढरी मिळणार नाही. रंगाऱ्याकडून तर नाहीच.

खरी जोखीम मात्र दंडात नाही, विम्यात आहे. फोंड्याकडं जाणाऱ्या त्या वळणाच्या रस्त्यावर समजा गाडी उलटली. टपावर २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो वजन, तेही सगळ्यात उंच जागी आणि हलतं. यामुळं गाडी वळणाला झुकते. गाडीच्या नुकसानीचा दावा कंपनी पहिल्याच पत्रात नाकारू शकते, कारण इन्व्हर्टर, शेगडी, टाकी यांची माहिती तिला दिलेलीच नाही. समोरच्या दुचाकीस्वाराला भरपाई द्यावी लागली तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण बऱ्याचदा कंपनीला आधी पैसे द्यायला लावतं आणि नंतर मालकाकडून वसुलीची मुभा देतं. ही वसुली तुमच्या घर-जमिनीपर्यंत येते. गाडीतल्या नातेवाइकांचं काय? खासगी गाडीची नुसती थर्ड पार्टी पॉलिसी (फक्त तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा) असेल, तर फुकट बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी त्यात धरली जात नाही. त्यासाठी पॅकेज पॉलिसी लागते. आणि बेडवर झोपून प्रवास करणारी आत्या प्रवाशाच्या मान्य जागेवर बसलेली नाही, हा मुद्दा कंपनीचा वकील सोडणार नाही. बेड मुक्कामाला. चालत्या गाडीत प्रत्येकानं पट्टा असलेल्या सीटवरच बसायचं.

लायसनची काळजी मात्र सोडा. एकूण वजन ७,५०० किलोपर्यंतचं परिवहन वाहन हलक्या वाहनाच्या लायसनवर चालवता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. आरसीवरचं एकूण वजन एकदा बघून घ्या.

गाडी नीट करायचे दोन मार्ग आहेत. खासगी वापराचा कॅम्पर व्हॅन हा प्रकार कायद्याला मान्य आहे आणि तो खासगी वाहनांच्या यादीत आहे. पण मोटार कॅरॅव्हॅनच्या बांधणीसाठी एआयएस-१२४ हे वाहन उद्योगाचं मानक आहे. गॅरेजवाल्याला एकच विचारा: या बांधणीला चाचणी संस्थेची, म्हणजे पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेची मान्यता आहे का? त्यानं कागद दाखवला, तर थकीत कर भरा, परमिट रीतसर परत करा, कर्ज असेल तर बँकेची लेखी संमती घ्या आणि परिवहन पोर्टलवर वाहनाचा प्रकार बदलण्यासाठी व फेरबदल नोंदवण्यासाठी अर्ज करून गाडी तपासणीला न्या. नवीन आरसी हातात आली की विमा कंपनीला लेखी कळवून पॉलिसी बदलून घ्या. कागद नसेल, आणि स्थानिक गॅरेजकडं तो बहुधा नसतो, तर सगळं काढून मूळ सीट बसवा आणि मग गाडी साधी खासगी करून घ्या. खर्च वाया जातो, हे खरं.

दिवाळीपर्यंत यातलं काही उरकेल असं मला वाटत नाही. म्हणून यंदा परमिटची बस करा किंवा नोंदणीकृत कॅरॅव्हॅन भाड्यानं घ्या. एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकून फिटनेस, विमा आणि परमिटच्या तारखा आधीच तपासा. वर्गणीतला प्रवासखर्च बसवाल्याच्या बिलाप्रमाणं वेगळा दाखवा. ‘आमच्या गाडीत सीट ३०० रुपये’ असा मेसेज ग्रुपवर पडला असेल तर तोच तुमच्याविरुद्ध पुरावा. डिझेल वाटून घेणं वेगळं, सीटचा दर लावणं वेगळं.

जागेबद्दल. लक्ष्मी तलावाचा बराच परिसर राधानगरी अभयारण्यात येतो. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २७ नुसार सार्वजनिक रस्त्यानं जायला परवाना लागत नाही. अभयारण्यात ज्याची जमीन आहे, तोही आत जाऊ शकतो. पण ही सवलत रानाचे मालक असलेल्या पाहुण्यांची, त्यांच्याकडं येणाऱ्या सव्वाशे माणसांची नव्हे. रान हद्दीच्या आत की बाहेर, हे सातबाराचा गट नंबर घेऊन वन्यजीव विभागाच्या कार्यालयात विचारा आणि उत्तर लेखी घ्या. काठाची जमीन जलसंपदा विभागाची असेल तर त्यांची परवानगी वेगळी. अभयारण्याला धोका होईल अशा रीतीनं जाळ पेटवणं कलम ३० खाली गुन्हा आहे, म्हणून शेकोटीचा बेत असेल तर रद्द करा. तांबडा-पांढरा रस्सा घरून करून न्या. रात्री त्या रस्त्यावर गवे उतरतात, तेव्हा उशिरा निघायचं नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही. गोव्याकडचे पाहुणे फोंडा घाटातून येणार असतील तर त्यांना आत्ताच फोन करा: बाटल्या आणायच्या नाहीत. तिकडची दारू महाराष्ट्रात विनापरवाना आणणं दारूबंदी कायद्याच्या कलम ६५ खाली गुन्हा आहे आणि गाडीही जप्त होते. या रस्त्यावर राज्य उत्पादन शुल्क विभागाची तपासणी असते. ‘घरच्या कार्यक्रमासाठी’ हे उत्तर तिथंही चालत नाही.