सायलेन्सर राहू द्या, आधी पत्रावरची तारीख बघा

कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या एका वाचकांचं चार पानी पत्र आलंय. साडेतीन पानं गाडीत काय काय बदललं यावर आहेत. मला हवी असलेली तारीख, म्हणजे विम्याचा क्लेम नाकारला ती, मात्र शेवटून दुसऱ्या ओळीत, जाता जाता लिहिलेली.

हकीकत थोडक्यात अशी. दोन दारांची जर्मन स्पोर्ट्स कार, सेकंडहँड घेतलेली. ऑइल, प्लग, ब्रेक पॅड ही कामं ते घरच्या गॅरेजमध्ये स्वतः करतात. पुढे हौस वाढली. कॉइलओव्हर, म्हणजे उंची कमीजास्त करता येणारं सस्पेन्शन, बसवले, ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, रिमॅप करून त्याची सेटिंग बदलली, उद्यमनगरात लेथवर फ्लँज करून घेऊन मोठा सायलेन्सर लावला. एअर फिल्टर मूळ डब्यातून काढून पुढच्या बंपरमागे, खाली बसवला. मग पंचगंगेला पूर आला, जयंती नाल्याचं पाणी मागे फिरलं आणि गाडी दोन दिवस सीटपर्यंत पाण्यात उभी राहिली. ‘न कळवता केलेले बदल’ असं कारण देऊन विमा कंपनीने क्लेम नाकारला. त्याला आता २१ महिने झाले. मधल्या काळात यांनी ईमेलवर ईमेल पाठवले. सोळाव्या महिन्यात कंपनीने कळवलं की निर्णय तोच आहे, शिवाय पॉलिसीच्या अटीप्रमाणे १२ महिन्यांत कोर्टात दावा न केल्यामुळे क्लेम सोडून दिला असं धरलं जाईल. वाचक विचारतात, बदल बेकायदा ठरले तर सगळंच संपलं का, आणि हायकोर्टाच्या नव्या सर्किट बेंचमध्ये जावं का?

दर पावसाळ्यानंतर मला अशी पत्रं येतात. कुणाच्या बुलेटचा सायलेन्सर असतो, कुणाच्या जीपचे टायर. बदल कायदेशीर की बेकायदा यावर सगळे पानंच्या पानं लिहितात. क्लेम नाकारल्याचं पत्र हातात कधी पडलं, हे कुणी लिहीत नाही.

तुमचं प्रकरण त्या तारखेवर उभं आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल व्हावी लागते. तुमच्या बाबतीत कारण घडलं ते पहिल्यांदा क्लेम नाकारला तेव्हा. सोळाव्या महिन्यातल्या उत्तराने नवी मुदत सुरू झाली असं तुम्ही धरून चालला आहात, ते मनातून काढा. त्या उत्तरात नवा निर्णय नाही, जुनाच पुन्हा सांगितलाय. पत्रव्यवहार चालू ठेवल्याने मुदत वाढत नाही, हे न्यायालयांनी किती वेळा सांगितलंय याची गणती नाही. म्हणजे तुमच्याकडे उरले जेमतेम तीन महिने. विलंब माफीची सोय त्याच कलमात आहे, पण ‘मी ईमेल पाठवत होतो’ हे पुरेसं कारण मानलं जाईल याची मी हमी देणार नाही.

आता ती १२ महिन्यांची अट. ती वाचून तुम्ही पाच महिने गप्प बसलात, याचं मला फार वाईट वाटलं. खासगी गाड्यांच्या पॉलिसीत हे वाक्य वर्षानुवर्षं छापलं जातंय. पण भारतीय करार कायद्याच्या कलम २८ मध्ये १९९७ साली दुरुस्ती झाली. ठरावीक मुदत उलटली म्हणून एखाद्याचा हक्कच संपवणारी अट तेवढ्यापुरती रद्दबातल ठरते, असं ते कलम आता सांगतं. त्यामुळे कंपनीच्या त्या वाक्याने तुमचा हक्क बुडालेला नाही, हे माझं स्पष्ट मत आहे. तो बुडेल तो या उरलेल्या तीन महिन्यांच्या अखेरीस, तुम्ही हातावर हात धरून बसलात तर.

विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या विमा लोकपालांकडे जायची मुदत एक वर्षाची असते. ती कधीपासून मोजायची यावर तुमच्या बाजूने थोडा युक्तिवाद करता येईलही, पण आता त्यात एकही आठवडा घालवू नका. तिथे अर्ज केला म्हणून आयोगाची मुदत थांबली असं समजू नका. सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सुरू झालं याचा आनंद मलाही आहे, आपल्या वकिलांनी त्यासाठी कैक वर्षं लढा दिलाय. पण विम्याच्या पैशाचा असा वाद थेट तिथे न्यायचा नसतो. तुमची जागा जिल्हा ग्राहक आयोग. राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि आयोगाची हद्द ठरते ती भरलेल्या प्रीमियमवरून, क्लेमच्या रकमेवरून नाही. प्रीमियम पाच लाखांच्या आत असल्याने फीसुद्धा नाही. ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार घरबसल्या दाखल होते.

दाखल केल्यावर मात्र धीर धरावा लागेल. तीन महिन्यांत निकाल लावण्याचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात आणि पूरग्रस्त माणूस गंजत चाललेल्या गाडीकडे बघत बसतो, याची मला चीड आहे. एक गोष्ट तुमच्या हातात आहे. म्हणणं मांडायला कंपनीला ३० दिवस आणि जास्तीत जास्त आणखी १५ मिळतात. ही मर्यादा सक्तीची आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये सांगितलंय. नोटीस आणि तक्रारीची प्रत कंपनीला कोणत्या दिवशी मिळाली याचा पुरावा जपून ठेवा आणि ४६ व्या दिवशी आयोगापुढे उभे राहून सांगा की आता कंपनीचं म्हणणं घेऊ नका.

बदलांबद्दल मी हात राखूनच बोलेन. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल कडक आहेत. उत्पादकाने ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाही. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला कलम १८२अ खाली ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. सायलेन्सरचा आवाज मर्यादेबाहेर असेल तर कलम १९० वेगळं लागतं. रिमॅपने आरसीवरची कोणतीच नोंद बदलत नाही, असा युक्तिवाद होऊ शकतो. टिकेलच असं नाही. ऑइल, प्लग, ब्रेक पॅड घरी बदलणं हा गुन्हा नाही, त्याची भीती बाळगू नका.

पण दंड होणं वेगळं आणि क्लेम बुडणं वेगळं. पुराचं पाणी कॉइलओव्हर बघून गॅरेजमध्ये शिरलं नाही. सीट, वायरिंग, गिअरबॉक्सचं कंट्रोल युनिट यांचं नुकसान मूळ गाडीतही तेवढंच झालं असतं. वगळणुकीच्या अटीवर बोट ठेवणाऱ्या कंपनीने ती सिद्ध करायची असते. शिवाय अटीचा भंग झाला तरी क्लेम पूर्ण न नाकारता ७५ टक्क्यांपर्यंत द्यावा, हा विचार अमलेंदू साहू प्रकरणात २०१० साली मान्य झाला. तो मुद्दा गाडीच्या वापराचा होता, बदलांचा नव्हता. म्हणून आधार घ्या, पण त्यावर विसंबू नका.

नूतनीकरणाची गोष्ट मात्र मला खटकते. बदल आधी झाले आणि नंतर तुम्ही ‘मोबाइलवर दोन मिनिटांत’ पॉलिसी रिन्यू केलीत, असं लिहिलंय. त्या दोन मिनिटांत ‘गाडीत बदल नाही’ या चौकोनावर टिक केलीत का? विमा हा विश्वासावर चालणारा करार आहे. लाखांची गाडी पोरासारखी सांभाळणाऱ्या माणसाने तो फॉर्म वाचायला हवा होता. कंपनीचा सगळ्यात वजनदार मुद्दा हाच असेल. त्या फॉर्मची आणि सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत आजच लेखी मागा.

आणखी एक बाब तुमच्या पत्रात नाहीच. पाणी उतरल्यावर, किंवा चढत असताना, कुणी सेल मारला होता का? गाडी बंद उभी असेल तर फिल्टर वर होता की खाली याने काही बिघडत नाही, पाणी सगळीकडे शिरणारच. पण कुणी चावी फिरवली असेल, खाली आणलेल्या फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये ओढलं गेलं असेल आणि कनेक्टिंग रॉड वाकला असेल, तर इंजिनाच्या नुकसानीशी तुमच्या बदलाचा थेट संबंध जुळतो. पॉलिसीत इंजिन प्रोटेक्ट, म्हणजे पाण्याने झालेल्या इंजिनाच्या नुकसानीसाठी घ्यायचं जादा संरक्षण, नसेल तर इंजिनापुरतं प्रकरण अवघड आहे. तेव्हा मागणी दोन भागांत लिहा, इंजिन वेगळं आणि बाकीची गाडी वेगळी. एकाच्या पाण्यात दुसरं बुडू देऊ नका.

राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३, हे शाहूपुरीत राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. ३९ झाल्यावर गाडी का हलवली नाही, हे कंपनी विचारेलच, कारण वाहन सुरक्षित ठेवण्यासाठी वाजवी काळजी घ्यावी अशी अट पॉलिसीत असते. तुम्ही तेव्हा पुण्यात होता म्हणता. टोलची पावती, ऑफिसची हजेरी, जे असेल ते जोडा.

आणि इंजिन उघडायचं काम कृपा करून आज थांबवा. ‘हेड काढलंय, येत्या रविवारी पिस्टन काढणार’ असं तुम्ही लिहिलंय. ते इंजिन आता पुरावा आहे. तटस्थ ऑटोमोबाइल इंजिनिअरला बोलवा, आहे त्या स्थितीत तारखेसह फोटो आणि लेखी अहवाल घ्या, त्याआधी कंपनीला लेखी कळवा. तोवर काढलेला एकही नट फेकू नका.

क्लेम नाकारल्याचं पत्र स्पीड पोस्टने आलं असेल तर पाकीट शोधा, शिक्क्यावरची तारीख बघा. पाकीट सापडलं नाही तर पत्रावर छापलेल्या तारखेपासूनच दिवस मोजा आणि दोन वर्षं पूर्ण होण्याच्या निदान महिनाभर आधी तक्रार दाखल करा.