दाताच्या दवाखान्याची तपासणी: आधी एअरोटर मोजा, मग रजिस्टर उघडा

ट्रस्टच्या दोन खुर्च्यांच्या दंतचिकित्सालयाची अंतर्गत तपासणी तुमच्याकडे आली आहे, तुम्ही स्वतः दंतवैद्य नाही, आणि मागच्या चेकलिस्टमध्ये सगळीकडे ‘होय’ लिहिलेलं आहे. मग नेमकं बघायचं काय, असं तुम्ही विचारलंय. दंतवैद्य नसल्याने फारसं अडत नाही. चेकलिस्ट तासभर बाजूला ठेवा आणि एका एअरोटरच्या, म्हणजे दात कोरायच्या हवेवर फिरणाऱ्या ड्रिलच्या, मागे फिरा. एका रुग्णाच्या तोंडातून निघाल्यापासून दुसऱ्याच्या तोंडात जाईपर्यंत तो कुठे धुतला जातो, कोण हाताळतं, कशात ठेवला जातो, ते बघा. गंभीर दोष बहुतेक याच वाटेवर सापडतात.

भेट गर्दीच्या दिवशी ठेवा. आधी अपॉइंटमेंटच्या वहीतून आदल्या दिवसाचे रुग्ण मोजा. समजा १८ आले आणि त्यातल्या १२ जणांना एअरोटर लागला. आता चालू एअरोटर किती आहेत? चार असतील, तर सकाळी चारही तयार होते असं धरूनही मधे ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या, किमान दोन फेऱ्या व्हायला हव्यात. वाळवणं आणि गार होणं धरून पाऊचच्या (हत्यार ज्यात बंद करून निर्जंतुक करतात त्या कागदी पाकिटाच्या) एका फेरीला साधारण पाऊण ते एक तास जातो. धुणं आणि तेल घालणं वेगळं. नोंदीत दिवसअखेरची एकच फेरी दिसली, तर उरलेले आठ रुग्ण स्पिरिटच्या बोळ्यावर निघाले असं समजा. थांबताना एअरोटरची टर्बाइन तोंडातली लाळ आणि रक्त आत ओढून घेऊ शकते, म्हणून बाहेरून पुसून काहीच साधत नाही. हाच हिशेब दात साफ करायच्या स्केलरच्या टीपला आणि हवा-पाणी मारणाऱ्या थ्री-वे सिरिंजच्या टोकालाही लावा. हा दोष डॉक्टरांच्या माथी मारू नका. चार एअरोटर देऊन अठरा रुग्ण बघायला लावणं ही व्यवस्थापनाची चूक आहे.

आता ऑटोक्लेव्ह. १२१ अंश सेल्सिअसला १५ पौंड दाबावर उघड्या साहित्याला किमान १५ मिनिटं आणि पाऊचमधल्या साहित्याला ३० मिनिटं लागतात. १३४ अंशाला काम काही मिनिटांत होतं, पण आतली हवा पंपाने काढणारं बी क्लास यंत्र असेल तरच पाऊचमधला पोकळ एअरोटर त्यात खात्रीने निर्जंतुक होतो. बऱ्याच दवाखान्यांत कुकरसारखं उभं यंत्र असतं. त्यात वाफेची सलग धार येईपर्यंत व्हॉल्व्ह उघडा ठेवावा लागतो. घाईत तो आधीच बंद केला की हवा आत अडकते. काटा १५ पौंड दाखवतो, तापमान मात्र कमीच राहतं. असिस्टंटला तुमच्यासमोर एक फेरी लावायला सांगा. पाऊच आडवे एकावर एक रचतो की उभे सुटे लावतो, ते पाहा. फेरी संपल्यावर पाऊच ओला निघाला तर तो निर्जंतुक धरायचा नाही, कारण भिजलेल्या कागदातून जंतू आत झिरपतात.

पाऊचवरची पट्टी काळी झाली म्हणजे झालं, असं तुम्हाला सांगतील. ती पट्टी एवढंच सांगते की पाऊच यंत्रात जाऊन आला. खरा पुरावा आठवड्याच्या स्पोअर टेस्टचा. त्यात चिवट जिवाणूंचे बीजाणू (स्पोअर) असलेली एक कुपी फेरीत घालतात, दुसरी बाहेर ठेवतात आणि दोन्ही उबवणीला लावतात. बाहेरच्या कुपीत वाढ दिसली पाहिजे, आतलीत दिसता कामा नये. रजिस्टरमध्ये ओळीने ‘निगेटिव्ह’ असेल आणि बाहेरच्या कुपीची नोंदच नसेल, तर त्या टेस्टला अर्थ नाही. यूव्ही (अतिनील किरणांचं) कपाट निर्जंतुक झालेली हत्यारं फक्त ठेवण्यासाठी असतं. उकळत्या पाण्याचा बॉयलर किंवा काचेच्या मण्यांचं यंत्र निर्जंतुकीकरणासाठी वापरात दिसलं, तर त्याच दिवशी बंद करायला लावा.

पाण्याकडे फार थोडे तपासनीस बघतात, आणि मला ते सगळ्यात जास्त खटकतं. खुर्चीतल्या बारीक नळ्यांमध्ये पाणी रात्रभर साचतं आणि आतून जंतूंचा बुळबुळीत थर धरतो. सकाळी दोन मिनिटं आणि दर रुग्णानंतर २० ते ३० सेकंद पाणी सोडलं पाहिजे, पण तेवढ्याने थर जात नाही. नळ्यांना ठरावीक दिवसांनी जंतुनाशक द्यावंच लागतं. नमुना प्रयोगशाळेने दिलेल्या निर्जंतुक बाटलीत घ्या, बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी पोचवा. मिलिलिटरला ५०० सीएफयू (वाढू शकणाऱ्या जंतूंच्या वसाहती) ही वरची मर्यादा धरतात. अक्कलदाढ काढताना हाड कापायचं असेल, तर खुर्चीचं पाणी चालतच नाही, निर्जंतुक सलाईनच हवं. तेही ताज्या फोडलेल्या बाटलीतलं. २०२३ मध्ये तमिळनाडूतल्या वाणियंबाडीत दातांच्या उपचारांनंतर मेलिऑइडोसिसचा (माती-पाण्यातल्या एका जिवाणूमुळे होणाऱ्या आजाराचा) संसर्ग मेंदूपर्यंत जाऊन आठ रुग्ण दगावले. तपासात बोट गेलं ते सलाईनच्या बाटलीकडे: निर्जंतुक न केलेल्या हत्याराने उघडलेली, सैल झाकलेली आणि पुन्हा वापरलेली. म्हणून प्रत्येक खुर्चीजवळची उघडी बाटली उचलून बघा. भुलेच्या ३० मिलिलिटरच्या व्हायलचं रबरी बूचही बघा. त्यात सुई कायमची खोचून ठेवलेली दिसली, तर व्हायल तिथल्या तिथे टाकायला सांगा.

कचऱ्याला २०१६ चे जैववैद्यकीय कचरा नियम लागू आहेत. सुया पांढऱ्या, टोचणार नाही अशा डब्यात. हातमोजे आणि नळ्या लाल पिशवीत. रक्ताचा कापूस आणि काढलेले दात पिवळ्या पिशवीत. काच निळ्या डब्यात. ४८ तासांपेक्षा जास्त साठवण नको. चांदी (पारा मिसळलेलं अमाल्गम) भरलेला दात पिवळ्या पिशवीत जाता कामा नये, कारण भट्टीत त्यातला पारा वाफ होऊन हवेत जातो. एक्स-रे मशीनची एईआरबीकडची (अणुऊर्जा नियामक मंडळाकडची) नोंदणी बघा आणि फिल्म रुग्णाच्या तोंडात कोण धरतं ते विचारा. कर्मचारी धरत असतील तर ते थांबलंच पाहिजे.

तातडीच्या औषधांची यादी वाचत बसू नका. असिस्टंटला म्हणा, “रुग्णाला ॲलर्जीची जोरदार रिॲक्शन आली आहे, ॲड्रेनॅलिन आणा.” कपाटाची किल्ली डॉक्टरांच्या गाडीत असते, ऑक्सिजनच्या सिलिंडरला पाना नसतो, हे अशा वेळीच कळतं. डोस कुणाला माहीत आहे तेही विचारा: मोठ्या माणसाला १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचं अर्धा मिलिलिटर, मांडीच्या स्नायूत.

उपचारांचा दर्जा बघायला दहा केसपेपर स्वतः निवडा, त्यांच्याकडून निवडून घेऊ नका. रक्त पातळ करण्याची गोळी, मधुमेह, ॲलर्जी विचारल्याची नोंद हवी. संमतीपत्र रुग्णाला वाचता येईल अशा भाषेत हवं. रूट कॅनालला आधीचा आणि नंतरचा एक्स-रे हवा. भरलेलं मटेरियल मुळाच्या टोकापासून दोन मिलिमीटरच्या आत थांबलेलं आणि टोकाबाहेर न गेलेलं असावं. हे वाचायला मात्र बाहेरचा एक दंतवैद्य सोबत न्या. सूज नाही, ताप नाही, तरी प्रत्येक दातदुखीला ॲमॉक्सिसिलिन आणि मेट्रोनिडॅझोल लिहिलेलं दिसलं तर त्याबद्दल शांतपणे विचारा, कारण नुसत्या नसेच्या दुखण्यावर अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही.

अहवालात प्रत्येक दोषापुढे माणसाचं नाव आणि तारीख टाका. पैसे मर्यादित असतील तर विश्वस्तांकडे आधी एअरोटर मागा, मग स्पोअर टेस्टचा वर्षभराचा साठा. नवी खुर्ची त्यानंतर. स्पोअर टेस्ट फसली तर ते यंत्र लगेच बंद करून पुन्हा टेस्ट करायची, आणि शेवटच्या चांगल्या टेस्टनंतरचे न वापरलेले सगळे पाऊच दुसऱ्या यंत्रात नव्याने लावायचे.