वहीतले उणे ३४०

"रोज किती शब्द लिहिले म्हणजे बरं?" कथा-कादंबरी लिहिणारे मला हे फार विचारतात. माझ्याकडे समुपदेशनाला आलेल्या, यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडच्या एकाची गोष्ट सांगते, त्याच्या परवानगीने आणि ओळखीच्या खुणा बदलून.

कापसाच्या जिनिंग कारखान्यातल्या वजनकाट्यावर पावत्या फाडणारा, वय ३४. झोप उडालेली, बायकोवर चिडचिड. आधी नैराश्याची लक्षणं तपासली. भूक शाबूत, कामावर जाणं शाबूत, लेकीशी खेळणंही. मग त्याने पिशवीतून हिशेबाची लांबट वही काढली. रकाने चार : तारीख, ठरलेले शब्द, झालेले, बाकी. ठरलेले रोज १,०००. तीन महिन्यांत बाकी ६८,००० वर गेलेली. एका ओळीत लाल शाईने -३४०.

"हे काय?"

"त्या दिवशी खोडले जी. खोडले त वजा करा लागते ना."

मला हसू आलं. ते त्याने पाहिलं. तिथे मी चुकले.

१,००० आले कुठून? कुणीतरी मोबाइलवर सांगितलं होतं, रोज २,००० लिहितो. म्हणून आपण निदान अर्धे. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या रांगेला लागल्या की हा रात्री दहाला घरी पोचतो, ते वहीत कुठेच नव्हतं.

मोजणं वाईट असं मी म्हणत नाही. इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रॉलप टपाल खात्यातली नोकरी सांभाळून पहाटे घड्याळ समोर ठेवायचा, दर १५ मिनिटांना २५० शब्द. त्याला ते मानवलं. आपल्याकडे नेमाडेंची 'झूल' १९७९ची, त्यानंतरची कादंबरी 'हिंदू' थेट २०१०ची. मधे समीक्षा आली, कविता आली. पण याच्या वहीत कादंबरीच्या नावावर ३१ वर्षं बाकीच चढली असती.

त्याला म्हटलं, दोन आठवडे शब्द मोजू नका. सीझनमध्ये आठवड्यातून तीनदा, अर्धा तास. कधी बसलात, कधी उठलात, आणि एका ओळीत, आज गोष्टीत काय ठरलं, एवढंच लिहा.

दुसऱ्या आठवड्यातली नोंद अशी होती : "गुरुवार. बसलो नाही. काट्यावर एका बुढ्यानं पावती न वाचता घडी करून टोपीत ठेवली. माह्या गोष्टीतला बुढाही वाचत नाही." महिनाभर अडलेला प्रसंग तिथे सुटला होता. जुन्या वहीत त्या गुरुवारी ० पडला असता.

मी खूश होऊन दृष्टांत द्यायला गेले. "क्विंटलभर कापसातून रुई किती निघते?"

"पस्तीस किलोच्या आसपास."

"म्हणजे बाकीचं सोडूनच द्यायचं ना? खोडलेल्याचंही तसंच."

"काहून सोडता मॅडम? सरकी हाये ते. तेल निघते, ढेप होते, ढोराले घालतेत."

खोडलेली पानं आता तो फेकत नाही. त्यांची वेगळी फाइल केली आहे, वर नाव लिहिलंय 'सरकी'. झोप सुधारली. चिडचिड मात्र सगळी गेली नाही. तिच्यामागे कर्जाचीही काळजी निघाली, आणि त्यावर पुढच्या वेळी नवराबायको दोघं मिळून येणार आहेत.